मोहालीचा युनिकॉर्न आणि पडद्यामागचं गणित

चंदीगडच्या सेक्टरांची ओळ पंजाबच्या हद्दीत शिरली की तिथून मोहाली सुरू होतं. सेक्टरांचे आकडे मात्र तसेच पुढे चालू राहतात. यातल्या सेक्टर ७२ मध्ये एक संस्था आहे. भारतात सिलिकॉनच्या चकतीवर चिप कोरण्याचा पहिला मोठा प्रयत्न तिथे झाला. १९७६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्स लिमिटेड, म्हणजे एससीएल, या सरकारी कंपनीला मंजुरी दिली आणि १९८४ मध्ये मोहालीत उत्पादन सुरू झालं. तंत्रज्ञान अमेरिकन मायक्रोसिस्टम्सकडून आलेलं होतं आणि चिपवरची सर्वात बारीक रेघ पाच मायक्रॉनची होती. माणसाच्या डोक्यावरचा केस साधारण ७० ते १०० मायक्रॉन जाड असतो, यावरून त्या बारीकपणाचा अंदाज येईल.

ऐंशीच्या दशकात याच एससीएलने युनिकॉर्न नावाचा एक संगणक तयार केला. ब्रिटनच्या अॅकॉर्न कंपनीने डिसेंबर १९८१ मध्ये बाजारात आणलेल्या बीबीसी मायक्रोची ती भारतीय आवृत्ती होती. ब्रिटिश प्रसारण संस्थेने सामान्य लोकांना आणि शाळकरी मुलांना संगणक शिकवण्याची मोहीम हाती घेतली होती आणि त्यासाठी हे यंत्र घडवून घेतलं होतं. भारत सरकारनेही १९८४ मध्ये ‘क्लास’ हा शालेय संगणक प्रकल्प सुरू करताना याच यंत्राची निवड केली. पहिल्या टप्प्यात अडीचशे शाळा होत्या, पुढे त्यांची संख्या दोन हजारांच्या वर गेली. आज चाळिशी-पन्नाशी ओलांडलेल्या अनेक भारतीयांनी आयुष्यातला पहिला संगणक पाहिला तो या प्रकल्पातला.

हे यंत्र आज आठवायचं कारण वेगळं आहे. संगणक आणि त्यावरचा खेळ आतून कसा चालतो, हे समजून घेण्यासाठी याच्याइतकं प्रामाणिक यंत्र क्वचितच सापडेल. बटण दाबलं की एक-दोन सेकंदांत पडद्यावर बेसिक भाषेचं नाव यायचं, खाली एक छोटं चिन्ह लुकलुकायचं आणि यंत्र तुमच्या आज्ञेची वाट पाहत थांबायचं. निवडायला चित्रं नव्हती आणि उघडायला अॅप नव्हतं. काही घडवायचं असेल तर यंत्राला ते सांगावं लागे. म्हणून ते आत काय करतं हे मुलांना कळत असे.

साडेतीन हजार स्विच

बीबीसी मायक्रोच्या केंद्रस्थानी ६५०२ नावाचा प्रोसेसर होता. अमेरिकेत मोटोरोला सोडून बाहेर पडलेल्या चक पेडल आणि बिल मेन्श यांच्या चमूने तो १९७५ मध्ये एमओएस टेक्नॉलॉजी या कंपनीसाठी घडवला आणि अवघ्या २५ डॉलरला विकायला काढला. त्या काळी स्पर्धक प्रोसेसर याच्या कित्येक पट महाग होते. या एका किमतीने घरगुती संगणकाचं युग शक्य केलं. अॅपल-२, कमोडोर ६४, अटारीचा गेम कन्सोल, निन्टेन्डोचा कन्सोल या सगळ्यांच्या पोटात हाच प्रोसेसर किंवा त्याचा सख्खा भाऊबंद होता.

६५०२ मध्ये साधारण साडेतीन हजार ट्रान्झिस्टर आहेत. ट्रान्झिस्टर म्हणजे विजेनेच चालू-बंद होणारा स्विच. एका तारेवर व्होल्टेज आहे की नाही, यावर दुसऱ्या तारेतून वीज जाणार की नाही हे ठरतं. असे दोन स्विच एकापाठोपाठ जोडले, तर दोन्ही चालू असतानाच वीज पुढे जाते. शेजारी-शेजारी जोडले, तर एक चालू असला तरी पुरतं. ‘दोन्ही’, ‘कोणताही एक’ आणि ‘उलट’ या तीन गोष्टी जमल्या की त्यांच्या जोडणीतून बेरीज करणारं सर्किट बनतं. सर्किटाचा निकाल त्याच सर्किटाला पुन्हा पुरवला, तर ते आपली अवस्था धरून ठेवतं. संगणकाची स्मरणशक्ती इथून सुरू होते.

वीज आहे किंवा नाही, एक किंवा शून्य. अशी एक खूण म्हणजे बिट, आणि आठ बिटांचा एक बाइट. आठ बिटांत शून्यापासून २५५ पर्यंतचे आकडे मावतात. २५५ मध्ये एक मिळवला की पुन्हा शून्य येतं, कारण नववा बिट ठेवायला जागाच नसते. ही मर्यादा कागदावर क्षुल्लक वाटते, पण तिने इतिहास घडवला आहे. १९८० मध्ये नामको कंपनीने आणलेल्या पॅक-मॅन या खेळात पातळीचा आकडा एका बाइटमध्ये ठेवला होता. कोणी निष्णात खेळाडू २५६ व्या पातळीवर पोहोचला, की पडद्याच्या तळाशी फळांची रांग काढणाऱ्या सूचनेचा हिशोब त्या शून्याने चुकायचा. ती थांबायच्या वेळी थांबत नसे आणि अर्धा पडदा अक्षरांच्या व चित्रांच्या गोंधळाने भरून जाई. तिथून पुढे खेळ जाऊच शकत नव्हता.

६५०२ ला करता येणाऱ्या गोष्टी मोजक्याच होत्या. स्मृतीतून बाइट आणणं, ठेवणं, बेरीज, वजाबाकी, दोन बाइटांची बिटवार तुलना, बिट एका जागेने सरकवणं आणि अमुक झालं तर तमुक सूचनेकडे उडी मारणं. गुणाकाराची सूचना त्यात नव्हतीच. गुणाकार हवा असेल तर आकडा डावीकडे सरकवत, मध्ये मध्ये बेरीज करत तो घडवावा लागे. पडद्यावर दिसणारं प्रत्येक यान, प्रत्येक उडी, प्रत्येक स्फोट याच मोजक्या सूचनांतून उभा राहिला आहे.

सेक्टर आणि घर क्रमांक

प्रोसेसरला सूचना आणि आकडे पुरवते ती स्मृती. ६५०२ ला ६५,५३६ बाइट दिसू शकतात आणि प्रत्येक बाइटला स्वतःचा पत्ता असतो. पत्ता दोन बाइटांचा असतो. पहिला बाइट ‘पान’ सांगतो, दुसरा त्या पानावरची जागा. चंदीगडमध्ये पत्ता शोधावा तसंच हे आहे. आधी सेक्टर गाठायचा, मग त्यातला घर क्रमांक. इथे सेक्टर २५६ आणि प्रत्येक सेक्टरमध्ये घरं २५६. पान शून्यवरच्या बाइटांना पहिला आकडा सांगावाच लागत नाही, त्यामुळे तिथे पोहोचायला कमी वेळ लागतो. अनुभवी प्रोग्रामर सर्वात जास्त लागणारे आकडे या पानावर ठेवत आणि तिथल्या एकेका बाइटसाठी झगडत.

बीबीसी मायक्रोच्या मॉडेल बी मध्ये वापरासाठी ३२ किलोबाइट स्मृती होती. उरलेल्या पत्त्यांवर बेसिक भाषा आणि यंत्र चालवणारी कायमची प्रणाली बसलेली होती. आज मोबाइलवर काढलेला एक साधा फोटोसुद्धा ३२ किलोबाइटमध्ये मावत नाही. आणि या ३२ किलोबाइटमधूनच पडद्यासाठीही जागा काढावी लागत असे.

पडदा म्हणजे स्मृतीचाच एक तुकडा, ही संगणकाच्या पोटातली फार सुंदर कल्पना आहे. ६४० गुणिले २५६ ठिपक्यांचा दोनरंगी पडदा घेतला, तर प्रत्येक ठिपक्याला एक बिट, म्हणजे एकूण २० किलोबाइट लागतात. व्हिडिओ सर्किट सेकंदाला पन्नास वेळा ते बाइट ओळीने वाचतं आणि त्यांचं उजेड-अंधारात रूपांतर करतं. प्रोसेसरने त्या जागेतला एक बिट शून्याचा एक केला, की पुढच्या फेरीत पडद्यावर तो ठिपका उजळतो. चित्र काढणं म्हणजे योग्य पत्त्यांवर योग्य आकडे लिहिणं, एवढंच.

मात्र २० किलोबाइट पडद्याने खाल्ले आणि तीन-साडेतीन किलोबाइट यंत्राने स्वतःच्या कामासाठी राखले, की खेळाला साडेआठ किलोबाइटच्या आसपास जागा उरते. एवढ्यात शत्रू, गोळ्या, गुण, आवाज आणि नियम सगळं बसवायचं. त्यामुळे खेळ लिहिणाऱ्याचं पहिलं काम जागेचा हिशोब करणं हेच असे.

वीस मिलिसेकंद

दुसरा हिशोब वेळेचा. खेळ कोणताही असो, त्याच्या गाभ्यात एक चक्र फिरत असतं. खेळाडूने काय दाबलं ते वाचायचं, त्यानुसार जगातल्या प्रत्येक वस्तूची नवी स्थिती काढायची, ते जग पडद्यावर उमटवायचं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची. सिनेमात चित्रं आधीच तयार असतात. खेळात पुढचं चित्र कोणालाच ठाऊक नसतं, ते त्या क्षणी गणिताने निर्माण होतं.

भारतातला आणि ब्रिटनमधला त्या वेळचा टीव्ही सेकंदाला पन्नास वेळा रंगवला जात असे. म्हणजे एका फेरीला २० मिलिसेकंद. बीबीसी मायक्रोतला प्रोसेसर सेकंदाला २० लाख ठोक्यांनी चाले, म्हणून एका फेरीत त्याला ४०,००० ठोके मिळत. एका सूचनेला दोन ते सात ठोके लागतात. हिशोब केला तर एका चित्रासाठी साधारण दहा ते तेरा हजार सूचना हाती पडतात. यात काम उरकलं तर हालचाल गुळगुळीत दिसते, नाही तर चित्र अडखळतं. आजही मोबाइलवरचा खेळ ‘अडकतो’ तेव्हा आत हेच घडलेलं असतं. नेमून दिलेल्या वेळात पुढचं चित्र तयार झालेलं नसतं.

बावीस किलोबाइटमधलं विश्व

या दोन हिशोबांच्या कैचीत माणसाची बुद्धी किती दूर जाऊ शकते, याचं उत्तम उदाहरण म्हणजे ‘एलिट’. केंब्रिज विद्यापीठात शिकणाऱ्या डेव्हिड ब्रेबेन आणि इयान बेल या दोन विद्यार्थ्यांनी तो बीबीसी मायक्रोसाठी लिहिला आणि सप्टेंबर १९८४ मध्ये तो बाजारात आला. खेळाडू एका यानाचा कप्तान. ग्रहाग्रहांवर व्यापार करायचा, चाच्यांशी लढायचं, कमाईतून यान सुधारायचं. आठ दीर्घिका, प्रत्येकीत २५६ ग्रह, म्हणजे एकूण २,०४८ ग्रह. प्रत्येकाला नाव, राज्यपद्धती, अर्थव्यवस्था आणि बाजारभाव. सगळा खेळ सुमारे २२ किलोबाइटचा.

दोन हजार ग्रहांची माहिती साठवायला तेवढी जागा कधीच पुरली नसती. म्हणून त्यांनी ती साठवलीच नाही. त्यांनी फक्त सहा बाइट ठेवले, म्हणजे दोन-दोन बाइटांच्या तीन संख्या. या तिघींची बेरीज करायची, पहिली संख्या टाकून द्यायची, उरलेल्या दोघी पुढे सरकवायच्या आणि बेरीज शेवटी बसवायची. बेरीज ६५,५३५ च्या वर गेली तर वरचा भाग आपोआप गळून पडतो. ही कृती चार वेळा केली की पुढच्या ग्रहाचे सहा बाइट मिळतात. त्यातले काही बिट ग्रहाचं नकाशावरचं स्थान ठरवतात, काही राज्यपद्धती, आणि काही बिट दोन-दोन अक्षरांच्या जोड्यांच्या यादीतून जोड्या उचलून नाव जुळवतात. खेळ जिथून सुरू होतो त्या ग्रहाचं ‘लेव्ह’ हे नावही याच पद्धतीने आलेलं आहे.

हे आकडे स्वैर दिसतात, पण तसे नाहीत. सुरुवात तीच असेल तर साखळी प्रत्येक वेळी तीच येते. त्यामुळे जगातल्या प्रत्येक खेळाडूला लेव्ह त्याच जागी सापडतो. दीर्घिका बदलायची असेल तर त्या सहा बाइटांपैकी प्रत्येकातले बिट एका जागेने गोल फिरवायचे. बाइटमध्ये आठ बिट असतात, म्हणून आठव्यांदा फिरवल्यावर पहिलीच दीर्घिका परत येते. विश्वात आठ दीर्घिका असण्यामागे एवढंच अंकगणित आहे.

यानं दाखवण्याची रीतही अशीच काटकसरीची. यान म्हणजे त्रिमितीतले काही बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या रेघा. प्रत्येक फेरीत हे बिंदू फिरवायचे. ग्रहांची वर्तुळं काढायला लागणारी साइनची मूल्यं मोजत बसायला वेळ नव्हता, म्हणून त्यांचा ३२ नोंदींचा छोटा तक्ता आधीच करून ठेवलेला. शाळेत लॉग टेबल वापरलेल्या वाचकाला ही युक्ती ओळखीची वाटेल. यानाच्या फिरवलेल्या बिंदूचं आडवं आणि उभं अंतर मग त्याच्या खोलीने भागायचं. दूरची वस्तू लहान दिसते, ती या भागाकारामुळे. यानाची कोणती बाजू आपल्याकडे तोंड करून आहे हे तपासायचं आणि पाठमोऱ्या बाजूंच्या रेघा गाळायच्या. त्यामुळे तारांचा सांगाडा ठोस वस्तूसारखा दिसू लागतो. ही तपासणी सोपी राहावी म्हणून सगळी यानं खोबणी नसलेल्या, बहिर्वक्र आकाराची आखली होती.

यान हललं की जुनं चित्र पुसावं लागतं. अख्खा पडदा पुसणं परवडत नसे. इथे बिटांची एक मूलभूत क्रिया उपयोगी पडली. रेघ ज्या ठिपक्यांवरून जाते ते फक्त उलटे करायचे, शून्याचा एक आणि एकाचा शून्य. तीच रेघ दुसऱ्यांदा काढली की सगळे ठिपके पुन्हा पूर्वीसारखे होतात. काढायची आणि पुसायची सूचना एकच, आणि खालचं चित्रही शाबूत राहतं.

सर्वात धाडसी युक्ती पडद्याची होती. वरच्या भागात अवकाशासाठी बारीक, पण दोनरंगी चित्र हवं होतं. खालच्या उपकरण-फलकासाठी चार रंग हवे होते. यंत्र एका वेळी एकच पद्धत देत असे. पण दोन्ही पद्धतींना स्मृती सारखीच लागत होती, फक्त त्याच बिटांचा अर्थ वेगळा लावायचा होता. म्हणून त्यांनी एक टायमर लावला. टीव्हीची किरणशलाका पडदा रंगवत फलकाच्या काठाशी आली, की टायमर प्रोसेसरला थांबवून व्हिडिओ सर्किटाची पद्धत बदलायला लावे. फेरी संपली की पुन्हा पहिली पद्धत. हे सेकंदाला पन्नास वेळा घडे. यंत्राच्या निर्मात्यांनी न दिलेला पडदा दोन विद्यार्थ्यांनी त्यातून असा मिळवला.

घराघरांतला मारिओ

महाराष्ट्रातल्या बहुतेक घरांत बीबीसी मायक्रो कधी आला नाही. तिथे व्हिडिओ गेम आला तो नव्वदच्या दशकात, टीव्हीला जोडायच्या आठ बिटी डब्याच्या रूपात. सोबत रंगीत प्लास्टिकच्या ‘कॅसेट’ असत. त्यांना कॅसेट म्हणत असले तरी आत फीत नव्हती. एक छोटं सर्किट बोर्ड आणि त्यावर खेळ कायमचा कोरलेली चिप होती. हे डबे बहुतांशी निन्टेन्डोच्या कन्सोलच्या नकला होत्या आणि निन्टेन्डोच्या प्रोसेसरचा गाभा म्हणजे तोच ६५०२.

या कन्सोलमध्ये प्रोसेसरला वापरायला फक्त दोन किलोबाइट स्मृती होती. अख्ख्या पडद्याचं चित्र त्यात मावणं अशक्य. म्हणून चित्राचं काम एका वेगळ्या चिपकडे सोपवलं होतं. ती पडदा आठ गुणिले आठ ठिपक्यांच्या चौकटींतून जुळवत असे. कोणती चौकट कुठे, एवढाच आकडा साठवायचा. सुपर मारिओ ब्रदर्स हा १९८५ चा खेळ ४० किलोबाइटच्या कॅसेटमध्ये बसला तो यामुळे. त्यातला ढग आणि झुडूप नीट पाहा. दोन्हींचं चित्र एकच आहे, फक्त रंग पांढऱ्याचा हिरवा केलेला आहे.

हलणाऱ्या वस्तूंसाठी त्या चिपमध्ये वेगळी सोय होती, पण एकूण ६४ तुकडे आणि एका आडव्या ओळीवर आठच, ही तिची मर्यादा. काँट्रा खेळताना एका ओळीत शत्रू आणि गोळ्या फार झाल्या की काही तुकडे लुकलुकायला लागत. अनेक मुलांनी तेव्हा कॅसेट काढून फुंकर मारली असेल. पण बिघाड काहीच नव्हता. नववा तुकडा कायमचा गायब होऊ नये म्हणून खेळ दर फेरीत तुकड्यांचा क्रम बदलत होता, आणि प्रत्येकाला आळीपाळीने दिसण्याची संधी देत होता.

आग, आणि पुन्हा उभारणी

मोहालीची कथा मात्र सरळ पुढे गेली नाही. ७ फेब्रुवारी १९८९ रोजी एससीएलच्या कारखान्याला आग लागली आणि चिप बनवण्याचा विभाग उद्ध्वस्त झाला. उत्पादन पुन्हा सुरू व्हायला १९९७ उजाडलं. चिपच्या जगात आठ वर्षं म्हणजे अनेक पिढ्या. त्या काळात तैवान आणि दक्षिण कोरिया कितीतरी पुढे निघून गेले. २००६ मध्ये संस्था अंतराळ विभागाकडे गेली आणि सेमी-कंडक्टर लॅबोरेटरी झाली. तिथे इस्रायलच्या टॉवर कंपनीच्या तंत्रज्ञानावर आठ इंची चकत्यांची, १८० नॅनोमीटरची उत्पादन रांग उभी राहिली. २०२३ मध्ये ती इलेक्ट्रॉनिक्स आणि माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाकडे आली.

याच रांगेवर ‘विक्रम ३२०१’ हा ३२ बिटी प्रोसेसर तयार झाला. तिरुवनंतपुरमच्या विक्रम साराभाई अंतराळ केंद्राने तो या प्रयोगशाळेसोबत विकसित केला. त्याचा आधीचा १६ बिटी भाऊ, विक्रम १६०१, २००९ पासून इस्रोच्या प्रक्षेपकांत काम करतो आहे. नव्या प्रोसेसरची अवकाशातली चाचणी ३० डिसेंबर २०२४ रोजी झेपावलेल्या पीएसएलव्ही-सी६० मोहिमेत झाली. मार्च २०२५ मध्ये पहिले नग इस्रोला सुपूर्द झाले आणि २ सप्टेंबर २०२५ रोजी दिल्लीच्या सेमिकॉन इंडिया परिषदेत तो पंतप्रधानांना भेट देण्यात आला.

रॉकेटमधल्या या संगणकाचं काम खेळाच्या चक्राहून मुळात वेगळं नाही. संवेदकांकडून आकडे वाचायचे, रॉकेट कुठे आहे आणि कुठे असायला हवं याचं गणित करायचं, नोझल वळवण्याची आज्ञा द्यायची आणि पुन्हा वाचायला लागायचं. वेळेची मुदत इथेही कडक. फरक परिणामाचा आहे. खेळात मुदत चुकली तर चित्र अडखळतं, रॉकेटमध्ये मोहीम संपू शकते. म्हणून इथे सर्वात बारीक चिपचा हव्यास नसतो. तापमान उणे ५५ ते १२५ अंश सेल्सिअसपर्यंत बदललं तरी प्रत्येक वेळी तेच उत्तर देणारी, पारखून घेतलेली चिप लागते, आणि त्यासाठी १८० नॅनोमीटर पुरेसं आहे.

त्याच गणिताचा विस्तार

आजच्या खेळात काय बदललं? आकडे बदलले. १९२० गुणिले १०८० ठिपक्यांचा पडदा म्हणजे २० लाखांहून अधिक ठिपके. सेकंदाला साठ चित्रं काढायची, तर दर सेकंदाला बारा कोटींहून अधिक वेळा एखाद्या ठिपक्याचा रंग ठरवावा लागतो. एलिटमध्ये रेघा होत्या, आता लाखो त्रिकोण आहेत. त्यांचे कोपरे फिरवायचे, खोलीने भागायचे आणि पाठमोरे गाळायचे, हे तसंच आहे. प्रकाश कुठून येतो, पृष्ठभाग कसा आहे, सावली कुठे पडते, याचं गणित त्यावर चढलं.

प्रत्येक ठिपक्याचं गणित बरंचसं स्वतंत्र असतं, म्हणून ते एकाच वेळी करता येतं. ग्राफिक्स प्रोसेसरमध्ये हजारो छोटी गणनायंत्रं शेजारी-शेजारी काम करतात ती यासाठी. आकड्यांचे मोठे तक्ते एकदम गुणण्याची ही ताकद पुढे दुसऱ्याच कामाला आली. २०१२ मध्ये चित्रं ओळखणारं अॅलेक्सनेट हे न्यूरल नेटवर्क खेळांसाठी बनवलेल्या दोन ग्राफिक्स कार्डांवर शिकवलं गेलं, आणि आजच्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या लाटेला वेग मिळाला. मुलांच्या खेळासाठी वाढवलेल्या गणिताने विज्ञानाची एक शाखा बदलून टाकली.

बीबीसी मायक्रोचा वारसा तर प्रत्येकाच्या खिशात आहे. अॅकॉर्नमध्ये सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर यांनी नव्या प्रोसेसरची आखणी केली, तेव्हा विल्सन यांनी त्याचा सूचनासंच बीबीसी मायक्रोवर, स्वतःच लिहिलेल्या बीबीसी बेसिकमध्ये चालवून पाहिला. २६ एप्रिल १९८५ रोजी ती पहिली चिप सुरू झाली. तिचं नाव आर्म. आज जगातले जवळपास सगळे स्मार्टफोन याच घराण्याच्या प्रोसेसरवर चालतात.

मुलांना आत डोकावू द्या

आजची यंत्रं आपलं पोट दाखवत नाहीत. मुलाच्या हातात फोन येतो तेव्हा त्यात खेळ आधीच बसलेला असतो, आणि तो कसा चालतो हा प्रश्न पडायला जागाच ठेवलेली नसते. ही खरी हानी आहे. मोहालीच्या युनिकॉर्नसमोर बसलेल्या मुलाकडे ३२ किलोबाइटच होते, पण ते सगळे त्याचे होते. आज अब्जावधी बाइट हातात असून त्यांतला एकही मुलाला स्वतःच्या मनाने हलवता येत नाही, अशी गत आहे.

यावर उपाय महाग नाही. बीबीसी मायक्रोची हुबेहूब नक्कल आज ब्राउझरमध्ये फुकट चालते. एलिटचा मूळ कोड इयान बेल यांनी खुला केला आहे. ६५०२ चे साडेतीन हजार ट्रान्झिस्टर एकेक करून चालू-बंद होताना दाखवणारा प्रकल्पही इंटरनेटवर आहे. बीबीसी बेसिकची मोफत आवृत्ती साध्या लॅपटॉपवर चालते. जिल्हा परिषदेच्या शाळेत एक जुना संगणक असला तरी एवढं सगळं शक्य आहे.

शिक्षकांनी आणि पालकांनी या सुट्टीत मुलांना एकच काम द्यावं. पडद्यावर एक ठिपका काढायचा आणि बाणाच्या कळांनी तो हलवायचा. कळ वाचा, नवी जागा मोजा, जुना ठिपका पुसा, नवा काढा, पुन्हा सुरुवात करा. वीसेक ओळींत ते होतं. ते जमलेल्या मुलाला मारिओ, एलिट आणि विक्रम ३२०१ यांच्या पोटात काय चाललं आहे, ते कळलेलं असेल.